रुमालाखालचे अकरा

"कोण रं त्यो? कोण बोंबललं आकडा? जीभ उपटून हातात देईन!"

रावजीशेट ओरडत होते. रावजीशेट म्हणजे निपाणीच्या तंबाखू बाजारातले बडे आडते, शेतकऱ्यांचा माल विकून देणारे. त्यांचा आवाज असा, की वखारीच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची ती थेट संकेश्वरात जाऊन टेकायची. त्या दिवशी ती बेळगावच्या किल्ल्यापर्यंत गेली असावीत. आवारात दोनशे माणूस होतं, तेवढेच बैल होते, आणि दोन्ही सारखेच गप्प उभे होते. घोंगड्यावर मांडी घालून बसला होता आमचा केशव. वय एकोणीस, काळी टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि उजवा हात अजून रुमालाखाली.

"मी बोललो," केशव म्हणाला. "अकरा."

म्हणजे एकदा बोलून भागलं नव्हतं, त्यानं पुन्हा सांगितलं. त्याच्या शेजारी मी बसलो होतो, आणि माझाही हात त्याच रुमालाखाली होता.

इथं जरा थांबतो. ह्या अंकाच्या संपादकांनी मला धंद्याविषयी लिहायला सांगितलंय आणि वाचणारे बहुतेक मास्तर, वकील, कारकून असणार. त्यांना रुमाल म्हटला की नाक पुसायचा एवढंच ठाऊक. आमच्याकडं रुमालावर संसार चालत.

तंबाखूचा सौदा तेव्हा तोंडानं होत नसे. शेतकरी माल घेऊन आडत्याच्या आवारात यायचा. मोठमोठी पोती, त्यांना आमच्यात बोद म्हणतात, रचून ठेवायचा. आडत्याचा माणूस घोंगडं टाकून बसायचा आणि हातावर रुमाल पसरायचा. घेणारे व्यापारी एकेक करून यायचे, रुमालाखाली हात घालायचे आणि त्या माणसाची बोटं दाबून आपला भाव सांगायचे. एक बोट म्हणजे एक रुपया, दोन म्हणजे दोन, सगळा पंजा धरला की पाच. पंजा दोनदा म्हणजे दहा. नखावर नख घासलं की आठ आणे. याला हत्ता म्हणतात. सगळ्यांचे हात झाले की आडत्या सांगायचा, माल अमक्याला गेला, भाव अमुक. कुणी किती दाबलं ते कळायचं फक्त त्या बोटांना.

ती बोटं बावीस वर्षं माझी होती.

मी भरमाण्णा. रावजीशेटच्या पेढीवर मी हत्त्याला बसायचो. बढाई मारत नाही, पण असा हात कृष्णेपासून मलप्रभेपर्यंत दुसरा नव्हता. व्यापाऱ्याचा हात रुमालाखाली आला की त्यानं बोट दाबायच्या आधी मला भाव कळायचा. तळहाताच्या घामावरून मी सांगायचो, की गडी घरात भांडून आलाय, की वाटेत भजी खाऊन. एकदा एका व्यापाऱ्यानं नुसता हात ठेवला आणि मी म्हणालो, "मालक, तुम्हाला ताप हाय, घरी जावा." चार दिवस उठला नाही तो. न्हावी माझी नखं फुकट काढायचा, कारण माझं नख जरा वेडंवाकडं कापलं गेलं तर साऱ्या बाजाराचे आठ आणे इकडचे तिकडं होतील, अशी त्याला धास्ती होती.

पण तंबाखूची धूळ कुणाला सोडत नाही. छाती भरली. डॉक्टर म्हणाले, आवार सोडा नाहीतर जग सोडा. मी आवार सोडलं आणि बेळगावात धाकट्या भावाकडं येऊन राहिलो. दिवसभर करायचं काय? टांग्याच्या अड्ड्यावर बसून घोड्यांना निपाणीच्या गोष्टी सांगायचो. घोडे ऐकतात, पण हसत नाहीत.

तिथंच मला मंडळ भेटलं. हे मंडळ विद्यार्थ्यांचं होतं. नाव लांबलचक होतं, बोलता बोलता टांगा स्टेशनवर पोचायचा, म्हणून सगळे नुसतं मंडळच म्हणायचे. शाळेची वरची इयत्ता झालेली, टायपिंगच्या क्लासात बडवाबडवी करणारी पंचवीस-तीस पोरं. बाप वकील, मास्तर, मामलेदार कचेरीतले कारकून. घरात बोलणं एकच, नोकरी. ह्या पोरांनी ठरवलं होतं की आपण नोकरी करायची नाही, व्यापार करायचा. आणि व्यापार करायचा म्हणजे आधी सभा भरवायची. दर रविवारी सकाळी एकजण 'स्वदेशी व्यापाराचे भवितव्य' असं काहीतरी वाचायचा, बाकीचे टाळ्या वाजवायचे. इंग्रजीत व्यापारी पत्रं लिहायचे, एकमेकांनाच. उत्तरही एकमेकांचंच. मद्रासच्या काल्पनिक व्यापाऱ्याला त्यांनी इतका काल्पनिक माल पाठवला, की खरा असता तर मद्रास बंदर बुजलं असतं.

अध्यक्ष होता विनायक. वकिलाचा मुलगा, चष्मा, बोलायला लागला की समोर न्यायाधीश बसलेत असं वाटायचं. तो मला म्हणाला, "अण्णा, आमच्यात पुस्तकं झालीत. आता प्रत्यक्ष हवंय."

"प्रत्यक्ष म्हंजे कॅम्पात जाऊन साबण विकून बघा," मी म्हणालो.

गेले. चौघं गेले. एका गोऱ्या सार्जंटाच्या बाईच्या दारात उभं राहून विनायकनं साबणाच्या गुणांवर इंग्रजीत एवढं मोठं भाषण केलं, की बाईनं कुत्रं सोडलं. कुत्रं आलं, त्यानंही जरा वेळ ऐकलं आणि परत जाऊन बाईच्या पायाशी झोपलं. साबण एकही खपला नाही. पोरं मात्र खुशीत. म्हणाली, शेवटपर्यंत ऐकून घेतलं!

तेव्हा मी ठरवलं, ह्यांना हत्ता शिकवायचा. मंडळानं मला महिन्याला थोडे पैसे आणि दर खेपेला चहा कबूल केला. जुन्या वाचनालयाच्या मागची खोली. मी पंचा घ्यायचो, पोरगा समोर बसायचा, पंच्याखाली मी बोटं दाबायचो आणि त्यानं आकडा सांगायचा. सांगायचा म्हणजे ठणठणीत आवाजात. कारण ह्या पोरांचे आवाज सगळे घरात मेलेले. थोरल्यांपुढं बोलायचं नाही, अशी सवय. त्यात मला खोकल्यामुळं जरा कमी ऐकू यायचं. म्हणून माझा नियम होता: दाबलं की लगेच आणि मोठ्यानं बोलायचं. जो कुजबुजेल त्यानं खोली झाडायची. महिन्याभरात ती खोली इतकी झाडली गेली की फरशी बोटभर खाली गेली. पण नंतर पोरं तयार झाली. "सात!" "साडेतीन!" "तेरा!" रस्त्यावरची माणसं दारातून डोकवायची. मला लई अभिमान.

एकच गोष्ट मी त्यांना शिकवली नाही. गप्प बसायला. आवारात हत्ता घेणारा गप्प असतो, हे निपाणीत तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. ते शिकवावं लागतं हे मला सुचलंच नाही.

विनायकनं एकदा विचारलं होतं, "अण्णा, सगळं रुमालाखाली होतं, तर शेतकऱ्याला कसं कळतं की खरा भाव किती होता?"

मी म्हणालो, "कळत न्हाय, म्हणून तर त्याला रात्रीची झोप चांगली लागते."

सगळे हसले. केशव हसला नाही.

केशवबद्दल सांगायलाच हवं. त्याचे वडील वासुदेवराव जिल्हा कोर्टात नकला करायच्या खात्यात होते. जुन्या कागदावरून नव्या कागदावर, जसंच्या तसं, तीस वर्षं. केशवचं दुर्दैव एवढंच, की त्याचं अक्षर बापापेक्षाही चांगलं. साहेबानं ते अक्षर पाहिलं आणि जागा देऊ केली. आता कोर्टात जागा मिळते म्हणजे बेळगावात काय, ते मी सांगायला नको. पण केशवला ती जागा नको होती. मला एकदा म्हणाला, "अण्णा, तिथं माझा एकसुद्धा शब्द माझा नसणार." शेवटी बापलेकांत ठरलं: शनिवारपर्यंत पेढीवर जागा मिळाली तर बाप आडवा येणार नाही. नाही मिळाली तर सोमवारी साडेदहाला कोर्टात.

मी रावजीशेटना निरोप धाडला. त्यांना इंग्रजी पत्रं लिहिणारा माणूस हवाच होता. उत्तर आलं, "पोराला हात वाचाय येतूय का? शनवारी बाजार हाय. घिऊन ये, बसवून बघू."

शनिवारी पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं आम्ही तिघं निघालो: मी, केशव आणि पाठिंबा द्यायला विनायक. तवंदी घाटात मोटार इतकी हळू चढली, की शेजारून जाणाऱ्या मेंढरांनी आम्हाला वाट दिली. केशव वाटभर मांडीवर स्वतःचीच बोटं दाबत होता आणि ओठातल्या ओठात आकडे म्हणत होता.

पेढीवर चहा झाला. रावजीशेटनी मला बाजूला घेतलं. "भरमा, पयला माल पायाप्पाचा. त्यो आपल्या मेव्हण्याकडं जाऊ दे. नवात."

हे मला नवं नव्हतं. बावीस वर्षांत असं किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. व्यापारी किती का दाबेना, शेटनी ठरवलेल्या भावाला शेटनी ठरवलेल्या माणसाकडं माल जायचा. शेतकरी बिचारा रुमालाकडं बघत उभा असायचा. मी कधी कुणाला खोटा भाव सांगितला नाही. कारण मी भाव सांगायचोच नाही, सांगायचे ते शेट. एवढ्या बारीक फटीत मी बावीस वर्षं अंग चोरून बसलो होतो.

केशवला मी त्यातलं काही बोललो नाही. म्हटलं, तो नुसता हात वाचेल. माझा हात त्याच्या हाताखाली राहील, शिकवणाऱ्याचा असतोच. पुढचं मी आणि शेट बघू.

पायाप्पा चिकोडीकडचा. उंच, वाळकं अंग, आपल्या बोदांना टेकून उभा. रुमाल पसरला. पहिला आला मिरजेचा एक व्यापारी. त्याचा हात आत गेला. पंजा. पुन्हा पंजा. एक बोट. माझ्या हातापर्यंत ते सगळं केशवच्या हातातून आलं, अगदी स्वच्छ.

आणि केशव ताठ बसून, वाचनालयाच्या खोलीत बोलायचा तसा, ठणठणीत बोलला:

"अकरा!"

मग रावजीशेट ओरडले, ते वर सांगितलंच आहे.

बाजारात असं कधी झालं नव्हतं. एखाद्यानं भर आवारात धोतर सोडलं असतं तरी माणसं एवढी दचकली नसती. पायाप्पा बोदापासून सुटून दोन पावलं पुढं आला. "अकरा?" तो म्हणाला. त्याचा आवाज आमच्या खोलीतल्या पोरांसारखाच, मेलेला. "ह्या मालाला अकरा? गेल्या साली आठात गेलता ह्यो."

शेटजींनी हे ऐकलं आणि त्यांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. त्या आवाजाला मी ओरडण्यापेक्षा जास्त भ्यायचो.

"शिकाऊ पोरगं हाय," ते सगळ्यांना म्हणाले. "चुकलं. आमच्या मिरजकरांनी नऊ दाबलं, ह्यानं अकरा वाचलं. व्हय की न्हाय, मिरजकर?"

मिरजकरांना सगळा हंगाम ह्याच आवारात काढायचा होता. "शेटजी म्हणतील तसं," ते म्हणाले.

"बघ बाळ," शेट केशवजवळ उकिडवे बसले. "चूक हुतीया. मोकळ्या मनानं म्हण, चुकलं. आन् सोमवारपास्नं पेढीवर ये. जागा तुझी."

केशवनं शेटकडं पाहिलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

आवारात सगळे माझ्याकडं बघू लागले. बावीस वर्षांचा हात. आणि तो हात त्याच्या हाताखाली होता, हे प्रत्येकाला दिसत होतं. शेटजीही बघत होते. म्हणाले, "भरमा, तूच सांग की."

मला खोकला आला. तंबाखूच्या आवारात खोकला यायला काही लागत नाही. पण तो जरा लांबला.

मनात म्हणत होतो, म्हण बाबा चुकलं. एक शब्द. पायाप्पाला नऊ मिळतील, गेल्या सालापेक्षा एक जास्तच आहे. तू कोर्टातून सुटशील. मी हे तुझ्याच भल्यासाठी गप्प आहे. असं मी स्वतःला सांगत होतो, आणि खोकत होतो.

"नाही, शेटजी," केशव म्हणाला. "दोनदा पंजा, एक बोट. अकराच."

"म्हंजे मिरजकर खोटं?"

"ते मला माहीत नाही. हात अकरा म्हणाला."

तेव्हा पायाप्पानं बाही वर सारली, घोंगड्यावर गुडघा टेकला आणि आपला हात रुमालाखाली घातला. "सांग रं पोरा. किती?"

"सात."

"आन् आता?"

"साडेबारा."

"लई खरं," पायाप्पा म्हणाला, आणि मागं वळून बाकीच्या गाडीवाल्यांकडं बघितलं.

मग जे झालं त्याला मी सौदा म्हणणार नाही, जत्रा म्हणेन. गाडीवाले आले, हमाल आले. रांग अशी लागली, की तिचं शेपूट घाटाच्या पायथ्याला पोचलं असेल. जो येईल तो रुमालाखाली हात घालतोय आणि केशव ठणकावून सांगतोय: चार! नऊ! साडेसहा! दारातली भजी विकणारी गंगाक्का आली, तेलकट हात तसाच आत घातला.

"तीन," केशव म्हणाला.

"व्हय की गं बाई! बोटं का डोळं म्हणायचं ही!"

एका बेरकी हमालानं हात नुसता ठेवला आणि हसत उभा राहिला.

"काहीच दाबलं नाही," केशव म्हणाला. "हात मात्र धुवून यायचा."

आख्खं आवार हसलं. विनायक चष्मा पुसत 'प्रात्यक्षिक! प्रात्यक्षिक!' म्हणत होता. ह्या हसण्यातच मिरजकरांनी घसा साफ केला, जोडे शोधल्यासारखं खाली बघितलं आणि म्हणाले, "अकरा दिलतं मी."

पायाप्पाचा माल अकराला गेला. शेटजींचे मेव्हणे छत्री उघडून निघून गेले. ऊन-पाऊस काही नव्हतं. रावजीशेट मला एवढंच म्हणाले, "भरमा, तू आन् तुझी ती साळा, पुन्हा ह्या दारात दिसू नका."

परतीच्या मोटारीत विनायक एकटा बोलत होता. केशव तिकीट बोटाभोवती गुंडाळत बसला होता. सोमवारी साडेदहाला तो कोर्टात हजर झाला.

पुढचे आठ-दहा दिवस मी बेळगावभर ही गोष्ट सांगत हिंडलो. टांग्याच्या अड्ड्यावर सांगितली, मंडळाच्या सभेत सांगितली. प्रत्येक वेळी रांग वाढत गेली. एका वेळी तर खुद्द कलेक्टरनं रुमालाखाली हात घातला. माझ्या खोकल्याचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

निपाणीच्या आडत्यांनी मंडळाच्या पोरांना दार बंद केलं, ते पुढं दोन वर्षं. हा तोटा मोठा होता. पंचवीस पोरांत सात-आठजण तरी पेढ्यांवर लागले असते. ते कचेऱ्यांत गेले. ह्याला जबाबदार माझं शिकवणं, हे मी लिहून ठेवतो.

आणि त्याच महिन्यात एके सकाळी पायाप्पा माझ्या भावाच्या दारात. डोक्याला पटका, बरोबर आणखी दोन शेतकरी.

"आमी बाराजण एक झालावं," तो म्हणाला. "आडत्याच्या हाताशेजारी आमचा बी एक हात बसणार. पगार आमी देतो. माल जिथं जाईल तिथं त्येनं यायचं. त्यो बोलणारा पोरगा पायजे."

"शेट बसू देतील?"

"बाराजणांचा माल नको म्हणाय, त्येंचं डोस्कं फिरलंय व्हय?"

मी त्यांना वासुदेवरावांकडं घेऊन गेलो. संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर. बाप आणि मुलगा दोघंही नुकतेच घरी आलेले, दोघांच्याही बोटांना शाई. वासुदेवरावांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, आणि साक्षीदाराला विचारावं तसं पायाप्पाला एकेक विचारलं. राहायचं कुठं, जेवण कुणाकडं, हंगाम संपल्यावर काय. पायाप्पानं तशीच उत्तरं दिली. केशव दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

वासुदेवरावांनी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "नकला चांगल्या करतो. पण आकडा आला की मोठ्यानं म्हणतो. खात्यातले बाकीचे तक्रार करतात." मग पायाप्पाकडं वळून, "जागा कायम झालेली नाही, राजीनाम्याचं काही नाही. महिना भरू दे. मग घेऊन जा."

केशव आत निघून गेला. आत कशाला गेला ते मला ठाऊक आहे. एकोणीस वर्षांचं पोरगं बाहेरच्या माणसांपुढं डोळे पुसत नाही.

आम्ही उठलो. पायाप्पा आणि ते दोघं पायरी उतरले. मी जोडे घालत होतो, तेव्हा वासुदेवराव माझ्यामागं दारापर्यंत आले.

"भरमाण्णा, गोष्ट मी तीन ठिकाणी ऐकली. तीनही वेगळ्या," ते म्हणाले. "एक विचारायचं राहिलं. तुमचा हात त्याच्या हाताखाली होता ना?"

"व्हय."

"आकडा तुम्हालाही कळला होता?"

"कळला हुता."

"मग शेटजींनी सगळ्यांदेखत तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

"काही न्हाय," मी म्हणालो.